बसलेला आवाज : शिक्षकाने केव्हा थांबावे आणि केव्हा वैद्याकडे जावे
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनासाठी तयार केलेले भाषण)



शाळेच्या जडवस्तुसंग्रह नोंदवहीत फळा, घंटा, नकाशे, सतरंज्या, तराजू या सर्वांची नोंद असते. त्यांतील एखादी वस्तू मोडली तर ती केव्हा घेतली, तिची किंमत काय होती आणि ती दुरुस्त होण्याजोगी आहे किंवा नाही, याची रीतसर चौकशी होते. परंतु शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत ज्या साधनाचा सर्वांत अधिक उपयोग होतो, त्याची नोंद मात्र कोणत्याही वहीत सापडत नाही. ते साधन म्हणजे शिक्षकाचा आवाज. तो बिघडला तर ‘घसा बसला आहे, बसेल तसा उठेल’ एवढेच म्हणून काम पुढे चालू राहते. हे बोलणे पुष्कळदा खरे ठरते. कधी कधी मात्र ते खोटे ठरते, आणि त्याची किंमत फार मोठी असते. यांतील भेद कसा ओळखावा, हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

एका द्विशिक्षकी शाळेचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. दोन खोल्या, चार इयत्ता, वर पत्र्याचे छप्पर. जून महिन्यात शाळा उघडते आणि पाऊसही सुरू होतो. पत्र्यावर सरी कोसळू लागल्या की गुरुजींचा आवाज आपोआप वर चढतो. जुलैत सर्दी होते, घसा बसतो. गुरुजी ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरतात आणि पाढे घेतात. सर्दी आठवड्याने जाते, आवाजाचा घोगरेपणा मात्र राहतो. जोडीदार शिक्षक प्रशिक्षणास गेलेले असतात. रजा घेतली तर शाळेला कुलूप लागेल, म्हणून गुरुजी थांबतात. मग गणपती येतात, मग घटक चाचणी येते. दिवाळीच्या सुटीत आवाज किंचित सुधारतो व शाळा उघडताच पुन्हा बसतो. गावकऱ्यांना आता त्या आवाजाची सवय होते. ‘मास्तरांचा घसा असाच’ असे लोक म्हणू लागतात, आणि गुरुजीही तसेच म्हणू लागतात.

या घशात काय असेल? कदाचित अतिवापराने आलेली साधी सूज असेल, कदाचित एखादी निरुपद्रवी गाठ असेल, कदाचित त्याहून गंभीर काही असेल. बाहेरून आवाज ऐकून हे निश्चित सांगता येत नाही. या गुरुजींची चूक एवढीच, की सहा महिन्यांत त्या घशात कोणी डोकावून पाहिलेच नाही.

आवाज बसतो म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी तो निर्माण कसा होतो ते प्रथम पाहिले पाहिजे. गळ्याच्या पुढील बाजूस, जेथे पुरुषांमध्ये कंठमणी दिसतो, तेथे आत स्वरयंत्र असते. त्यात स्नायू व त्यांवरील मऊ आवरण मिळून बनलेल्या दोन पट्ट्या समोरासमोर असतात. त्यांस स्वरतंतू म्हणतात. श्वास घेताना त्या एकमेकींपासून दूर होतात आणि बोलताना जवळ येतात. फुप्फुसांतील हवा त्यांमधून बाहेर पडताना त्या कंप पावतात व नाद उत्पन्न होतो. जीभ, टाळू व ओठ त्या नादाला अक्षरांचे रूप देतात.

बोलताना प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १२० वेळा व स्त्रीचे सुमारे २०० वेळा कंप पावतात. ज्या शिक्षिकेचा आवाज दिवसाकाठी एकूण दोन तास प्रत्यक्ष चालतो, तिचे स्वरतंतू त्या दोन तासांत १४ लक्ष ४० हजार वेळा एकमेकींवर आपटतात. आवाज चढविला की हे आपटणे अधिक जोराचे होते. तंतूंच्या कडा गुळगुळीत असतील व त्या नीट जुळत असतील तोवर आवाज स्वच्छ येतो. त्यांवर सूज आली, गाठ आली, किंवा एक तंतू हलेनासा झाला, की मधून हवा निसटते, कंप वेडावाकडा होतो आणि आवाज घोगरा, चिरका, श्वासमिश्रित किंवा तुटक होतो. तेव्हा घोगरेपणा हा स्वतः रोग नव्हे. तो स्वरतंतूंवर काही घडले असल्याचा निरोप आहे.

येथे एक गोष्ट शिक्षकांनी अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. जिवंत माणसाच्या बोलत्या स्वरतंतूंचे आरशाच्या साहाय्याने पद्धतशीर निरीक्षण करून त्यांचे कार्य जगापुढे मांडणारा पुरुष वैद्य नव्हता. तो एक शिक्षकच होता. मानुएल गार्सिया हा गायनशिक्षक. १८५४ साली त्याने दंतवैद्याच्या लहान आरशाने व सूर्यप्रकाशाने स्वतःच्याच घशातील स्वरतंतू पाहिले आणि पुढील वर्षी आपले निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. आज घसातज्ज्ञ जी तपासणी करतात तिचा आरंभ अशा रीतीने एका शिक्षकाच्या जिज्ञासेतून झाला. आपल्या आवाजाचे यंत्र आत कसे चालते, हे पाहण्याची त्याला उत्कंठा होती. आजच्या शिक्षकाला तेवढी उत्कंठा नसली, तरी निदान भीती तरी नसावी.

आवाज बसण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे विषाणूंमुळे येणारी स्वरयंत्राची सूज. सर्दी, खोकला, अंगात कणकण आणि मागोमाग बसलेला घसा, असा तिचा क्रम असतो. ही सूज बहुधा एक ते दोन आठवड्यांत आपोआप उतरते. तिच्यावर प्रतिजैविक औषधांचा सहसा उपयोग होत नाही, कारण ती औषधे विषाणूंवर चालत नाहीत. दुकानातून स्वतःच्या मनाने गोळ्या आणून खाणे हे म्हणून व्यर्थ तर आहेच, शिवाय अपायकारकही आहे. येथे खरे औषध म्हणजे आवाजाला विसावा, भरपूर पाणी आणि थोडा धीर. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी घशाला बरे वाटते. परंतु गुळणीचे पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही, हेही ध्यानात असावे. ज्येष्ठमध, खडीसाखर किंवा हळदीचे दूध यांनी घशाला आराम वाटत असेल तर ती अवश्य घ्यावीत. मात्र त्यांच्या आधारावर महिनेच्या महिने काढू नयेत.

दुसरे कारण आवाजाचा अतिवापर. सतत ओरडून बोलल्याने दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर, घट्ट्यासारख्या बारीक गाठी येतात. कुदळ मारणाऱ्याच्या तळहाताला जसे घट्टे पडतात, तसाच हा प्रकार. स्त्रियांत व लहान मुलांत तो विशेष आढळतो. या गाठी कर्करोगाच्या नसतात, आणि बोलण्याची पद्धत सुधारण्याच्या शिक्षणाने, म्हणजे वाचा-उपचाराने, पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून बऱ्या होतात. कधी एकाच जोराच्या ओरडण्याने तंतूतील सूक्ष्म रक्तवाहिनी फुटते व आवाज त्या क्षणीच जातो. कबड्डीच्या सामन्यात आरोळी दिली आणि आवाज बंद झाला, असे घडल्यास बोलणे तात्काळ थांबवून तज्ज्ञाकडे जावे. त्या अवस्थेत आवाज ओढून काढल्यास कायमची इजा होऊ शकते.

शिक्षकांस हा त्रास इतरांहून अधिक होतो, हे केवळ अनुमान नव्हे. अमेरिकेतील आयोवा व यूटा या राज्यांतील शिक्षक व इतर लोक यांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत शंभरांपैकी सुमारे ५८ शिक्षकांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा आवाजाचा विकार झाल्याचे सांगितले. शिक्षक नसलेल्यांत हे प्रमाण सुमारे २९ होते. म्हणजे जवळजवळ दुप्पट. तेथील वर्ग आणि येथील वर्ग यांत अंतर असले, तरी घसा सर्वत्र सारखाच आहे.

याखेरीज आणखी कारणे आहेत. रात्री पोटातील आम्ल वर घशाशी येणे, दम्यासाठी ओढावयाच्या स्टिरॉइड औषधाचा घशावर होणारा परिणाम, गलग्रंथीचे कार्य मंदावणे, स्वरयंत्राचा क्षय, यांनीही आवाज घोगरा होतो. दम्याचे औषध ओढल्यानंतर पाण्याने चूळ भरून टाकण्याची सवय ठेवल्यास त्या औषधाचा त्रास कमी होतो. औषध मात्र परस्पर बंद करू नये. तसेच स्वरतंतू हलविणारी डावी नस गळ्यातून छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि मग परत वर स्वरयंत्राकडे येते. त्यामुळे छातीतील रोगाचाही पहिला निरोप कधी कधी बसलेल्या आवाजाच्या रूपाने येतो. गलग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतरही या नसेला इजा होऊन आवाज बदलू शकतो.

आणि शेवटी कर्करोग. विडी, सिगारेट व तंबाखू ही स्वरयंत्राच्या कर्करोगाची प्रमुख कारणे होत. त्यांना मद्याची जोड मिळाली तर धोका पुष्कळच वाढतो. हे नाव ऐकताच माणूस घाबरतो व तपासणी टाळतो. परंतु वस्तुस्थिती नेमकी उलट्या वर्तनाची शिकवण देते. स्वरतंतूवर उगवलेला कर्करोग अगदी लहान असतानाच आवाज बिघडवितो, म्हणजे तो लवकर कळण्याची सोय निसर्गानेच केलेली आहे. शिवाय स्वरतंतूंमध्ये लसीकावाहिन्या विरळ असल्याने तो प्रारंभी इतरत्र सहसा पसरत नाही. या पहिल्या अवस्थेत किरणोपचाराने किंवा लहानशा शस्त्रक्रियेने दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण बरे होतात आणि त्यांचा आवाजही बहुधा टिकतो. उशीर झाला तर पूर्ण स्वरयंत्र काढण्याची पाळी येऊ शकते. रोग तोच, घसाही तोच. अंतर केवळ काही महिन्यांचे. घोगरा आवाज हा असा इमानी पहारेकरी आहे. त्याने हाक दिली असता पांघरूण ओढून झोपणे शहाणपणाचे नव्हे.

तेव्हा वैद्याकडे केव्हा जावे? नियम सोपा आहे व तो फळ्यावर लिहिण्याजोगा आहे. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संस्थेने २००९ साली तीन महिने थांबण्याची मुभा दिली होती; २०१८ साली तिनेच ही मुदत चार आठवड्यांवर आणली. यावरून थांबण्याची मर्यादा किती आखूड असावी हे दिसून येईल.

काही प्रसंगी तीन आठवडेही थांबू नये. विडी, तंबाखू किंवा मद्याचे व्यसन असणे. थुंकीतून रक्त पडणे. गिळताना त्रास होणे किंवा दुखणे. मानेत गाठ लागणे. कारणावाचून वजन घटणे. कानात काही विकार नसता एकाच बाजूचा कान दुखत राहणे. मानेवर मार लागल्यानंतर अथवा शस्त्रक्रियेनंतर आवाज बदलणे. यांपैकी काहीही घोगरेपणाच्या जोडीला असेल तर लगेच तपासून घ्यावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य होते. आणि आवाज बसण्याबरोबर श्वास घेण्यास त्रास होत असेल, श्वास आत घेताना शिटीसारखा आवाज येत असेल, किंवा लाळही गिळता येत नसेल, तर तो तातडीचा प्रसंग समजावा. तेथे दिवसाची वा रात्रीची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे.

शिक्षकाच्या पुढ्यात बसलेल्या मुलांचे आवाजही त्याने ऐकले पाहिजेत. रोज कवितेच्या तासाला चाळीस आवाज कानांवर पडत असतात. त्यांतील एखादा बदललेला आवाज आईबापांच्याही आधी शिक्षकाच्या ध्यानात येऊ शकतो. मुलाचा आवाज बहुधा ओरडण्यानेच बसतो व त्यात भय नसते. तथापि तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे. शेंगदाणा, चिंचोका किंवा मणी तोंडात असताना मूल ठसकले आणि मग आवाज बसला वा खोकला सुरू झाला, तर तो पदार्थ श्वासमार्गात अडकला असण्याचा संभव असतो. खोकला थांबला तरी त्यास रुग्णालयात न्यावे. दुसरे, ताप, घोगरा आवाज, भुंकल्यासारखा खोकला, सुजलेली मान आणि घशात करड्या रंगाचा पापुद्रा अशी लक्षणे दिसल्यास घटसर्पाची शंका घ्यावी व क्षणाचाही विलंब करू नये. घटसर्प लसीने टळतो. बाळपणीच्या मात्रांनंतर पाचव्या-सहाव्या वर्षी, दहाव्या वर्षी व सोळाव्या वर्षी त्याची पुढील मात्रा द्यावयाची असते. यांतील पहिल्या दोन मात्रांच्या वेळी मूल प्राथमिक शाळेतच असते. म्हणून पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचे कार्ड पाहण्याचा परिपाठ शिक्षकाने ठेवावा. तिसरे, काही आठवडे किंवा महिने आवाज घोगराच राहिलेल्या मुलाचे नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले असता आवर्जून सांगावे.

तपासणीची भीती हा अनेकांच्या मार्गातील मोठा अडसर आहे. प्रत्यक्षात ती अगदी साधी असते. घशात लहान आरसा धरून, किंवा नाकात बधिर करणारे औषध मारून तेथून बारीक, लवचिक दुर्बीण घालून तज्ज्ञ स्वरतंतू पाहतात. माणूस जागा असतो, बसलेला असतो, त्याला ‘ई’ म्हणावयास सांगतात, आणि काही मिनिटांत काम आटोपते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी भेटल्यास जिल्हा रुग्णालयाकडे जाण्याची चिठ्ठी मिळते. स्वरतंतू न पाहताच महिनोन्‌महिने आम्लपित्ताच्या वा इतर गोळ्या घेत राहणे योग्य नव्हे. तसेच उद्या स्नेहसंमेलन आहे म्हणून आज स्टिरॉइडचे इंजेक्शन टोचून घेणे, हा आजार लपविण्याचा मार्ग आहे, बरा करण्याचा नव्हे.

आता आवाज बसूच नये म्हणून काय करावे? १९११ साली एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने एक गोष्ट दाखवून दिली : भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवितो. वर्गात हेच घडते. मुले बोलतात म्हणून शिक्षक मोठ्याने बोलतो, शिक्षक मोठ्याने बोलतो म्हणून मुले त्याहून मोठ्याने बोलतात. ही चढाओढ शिक्षकाने जिंकू पाहू नये. ती त्याने सोडून द्यावी. मुलांना शांत करण्यासाठी टाळीचा ताल, घंटेचा एक टोला किंवा वर केलेला हात यांची खूण ठरवावी. खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ओरडण्याऐवजी मुलांच्या जवळ जावे, कारण अंतर निम्मे केले की तोच आवाज मोकळ्या जागी चौपट तीव्रतेने पोहोचतो. पत्र्यावर पाऊस कोसळत असेल त्या घटकेला शुद्धलेखन, चित्रकला किंवा गणिते द्यावीत; पाठ सांगण्याचा अट्टाहास करू नये. पाढे व कविता यांत एका मुलाला पुढे उभे करून म्हणवून घ्यावे. त्यात मुलाचेही शिक्षण होते. पटांगणावर शिटी वापरावी. पट मोठा असेल तर कमरेला अडकविण्याचा लहान ध्वनिवर्धक ही चैन नव्हे, हत्यार आहे.

टेबलावर पाण्याचा तांब्या असावा व दर तासाला त्यातील दोन घोट घ्यावेत. फळा कोरड्या डस्टरऐवजी ओल्या फडक्याने पुसावा, म्हणजे खडूची धूळ उडत नाही. वारंवार खाकरू नये. खाकरण्याने स्वरतंतू एकमेकांवर आदळतात. खाकरावेसे वाटले तर पाण्याचा घोट घ्यावा. रात्रीचे जेवण व निजणे यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. विडी व तंबाखू यांना शाळेच्या आवाराबाहेरच नव्हे, आयुष्याबाहेर ठेवावे. घसा बसलेला असताना जोर लावून कुजबुजणेही टाळावे, कारण त्यानेही स्वरयंत्राला ताण पडतो. थोडे बोलावे, पण मऊ व सहज आवाजात बोलावे.

आता त्या द्विशिक्षकी शाळेकडे पुन्हा वळावे. गुरुजी तपासणीस गेले नाहीत ते आळसामुळे नव्हे, कर्तव्यबुद्धीमुळे. आपण एक दिवस गेलो तर मुलांचे नुकसान होईल, हाच त्यांचा विचार. ही भावना आदरणीय आहे. परंतु तिचा हिशेब चुकलेला आहे. एका दिवसाची रजा वाचविण्यासाठी पुढील वीस वर्षांचा आवाज पणाला लावणे, हे मुलांच्या हिताचे गणित नव्हे. आणि ही चूक दुरुस्त करण्याचा भार एकट्या गुरुजींवर टाकणेही न्यायाचे होणार नाही. जोडीदार शिक्षकाने ‘तुम्ही जाऊन या, मी चारही वर्ग सांभाळतो’ असे म्हणावे. मुख्याध्यापकांनी व केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत पट, हजेरी व प्रगती यांबरोबर शिक्षकाच्या घशाचीही विचारपूस करावी आणि त्या एका दिवसाची व्यवस्था लावून द्यावी.

दरवर्षी १६ एप्रिल हा दिवस जगभर आवाज दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी प्रत्येक शिक्षकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ‘माझा आवाज गेल्या तीन आठवड्यांत स्वच्छ झाला आहे काय?’ उत्तर ‘होय’ असेल तर त्याने आनंदाने वर्गात जावे. उत्तर ‘नाही’ असेल तर त्याने प्रथम दवाखान्यात जावे आणि मग वर्गात. मुले एक दिवस वाट पाहतील. घशातील रोग मात्र कोणासाठी थांबत नाही.